लेफसेच्या कार्डामागची नोट

टिल्डाने डबा खाली ओढला तेव्हा सिग्ने भांडी विसळत होती. आवाजासरशी ती वळली, पण चौदा महिन्यांच्या पोरीचे हात आईच्या मानेपेक्षा लवकर वळतात. पाककृतींचा पत्र्याचा डबा उताणा पडला होता, पिवळी पडलेली कार्डं चुलीपासून दारापर्यंत पसरली होती आणि मधोमध टिल्डा बसून काहीतरी चघळत होती.

सिग्नेने आधी तिचं तोंड उघडून पाहिलं. मग जिभेखाली. मग टाळूला बोट लावून. डब्यात कागदाच्या क्लिपा होत्या. नवऱ्याच्या आत्याने, व्हर्डेल आत्याने, घर आवरताना हा डबा दिला तेव्हाच सिग्नेने त्या मोजून ठेवल्या होत्या. चार. तिने फरशीवर गुडघे टेकून शोधल्या. चारही मिळाल्या. मग तिने श्वास सोडला आणि मुलीच्या मुठीकडे पाहिलं.

मुठीत कागद होता. टिल्डा सोडेना. बिस्किटाचा तुकडा पुढे केल्यावर व्यवहार झाला. एक कोपरा ओला, चुरगळलेला, त्यावर दोन दातांच्या खुणा. बाकी कागद मात्र धडधाकट होता. आताच्या नोटेपेक्षा चांगली बोटभर मोठी, दहा डॉलरची जुनी नोट. ती लेफसेच्या, म्हणजे बटाट्याच्या पोळीच्या, कार्डाला मागून चिकटून राहिली असावी. कारण कार्डाच्या पाठीवर तेवढाच आयत पांढरा राहिला होता.

तिने नोट खिडकीशी धरली आणि मधली ठळक ओळ वाचली. फर्स्ट नॅशनल बँक ऑफ वॉलनट फोर्ड.

सिग्नेने ती ओळ पुन्हा वाचली.

वॉलनट फोर्डमध्ये ही ओळ लहान मुलांनाही ठाऊक होती. पूर्वी आयोवात गावोगावच्या बँका आपापल्या नावाच्या नोटा काढत. छापून सरकार द्यायचं, सह्या गावातले लोक करायचे. अशा नोटा जमवणारे लोक नोट कितीची आहे हे बघतच नाहीत. ते विचारतात, कुठल्या गावची, आणि तशा किती उरल्यात. मोठ्या शहरांच्या नोटा गठ्ठ्याने सापडतात. वॉलनट फोर्डची सगळ्या जगात एकच होती, आणि ती ऑर्लिन नूटसनकडे होती.

ऑर्लिनने चाळीस वर्षं गावात टपाल वाटलं. एका शेतघराच्या लिलावात दोन डॉलरला घेतलेल्या शिवणाच्या पेटीत त्याला ती नोट मिळाली. तेव्हापासून संग्राहकांच्या यादीत गावाच्या नावापुढे एक असा आकडा होता. तो एक म्हणजे आपण स्वतःच आहोत, अशा थाटात ऑर्लिन वावरायचा. आता तो ती विकणार होता. गावच्या पोहण्याच्या तलावाचा पंप दोन वर्षांपूर्वी बंद पडला आणि नव्याला अकरा हजार लागणार होते. डी मॉइनच्या एका व्यापाऱ्याने नोटेचे नऊ हजार देऊ केले होते. शनिवारी अग्निशमन केंद्रात धिरड्यांची न्याहारी होती, त्यातून उरलेले दोन हजार निघणार होते. व्यापारी तिथेच येणार होता.

तलाव बंद असल्यामुळे गावची मुलं खडीच्या खाणीतल्या पाण्यात डुंबायची. तिथे तळ दिसत नव्हता. सिग्ने कॉलेजात संख्याशास्त्र शिकली होती, त्यामुळे तिच्या काळजीला आकड्यांचीही साथ होती. खाणीवरून गाडी नेताना ती पाण्यातली डोकी मोजायची, आणि परत येताना पुन्हा मोजायची. टिल्डा अजून नीट चालतही नव्हती, पण कधीतरी चालेल, मग पळेल, मग मैत्रिणींबरोबर सायकल काढेल, हे सगळं सिग्नेला दिसत होतं.

आणि ही दुसरी नोट.

दुपारी तिचा नवरा कार्स्टन दुधाचा टँकर रिकामा करून जेवायला आला. तिने नोट टेबलावर ठेवली.

"दहा डॉलर," तो म्हणाला. "पिझ्झा येईल. मोठा नाही, मधला."

"ही दुसरी आहे, कार्स्टन."

"मग दोन येतील."

"अरे, ऑर्लिनची एकुलती एक आहे म्हणून नऊ हजार. ही बाहेर आली की ती एकुलती राहील का?"

कार्स्टनचा घास हातातच राहिला. त्याने नोटेकडे पाहिलं, मग दाराकडे. "कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला, तुला आणि टिल्डाला."

"टिल्डा बोलायची नाही."

"मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. डब्यात ठेव परत. नव्वद वर्षं पडून होती, आणखी दोन दिवसांनी काय बिघडतंय? रविवारी सापडली म्हणून सांग."

"आणि मग तो व्यापारी ऑर्लिनला काय म्हणेल? या लोकांचं जग केवढं, मूठभर. म्हाताऱ्याने दुसरी लपवून पहिली विकली, असंच होईल. ज्याने आयुष्यात कोणाचं एक पोस्टकार्ड वाचलं नाही, त्याला चोर ठरवायचं?"

"माझी पोस्टकार्डं वाचायचा तो," कार्स्टन म्हणाला. "पण चोर नाही, ते खरं."

तो पुन्हा कामावर गेल्यावर सिग्नेने टिल्डाला गाडीत बसवलं आणि वाचनालय गाठलं. जुन्या बँकेच्या इमारतीतच वाचनालय होतं; जिथे पूर्वी तिजोरी होती तिथे आता मुलांची पुस्तकं होती. आत शिरताच डाव्या हाताला ऑर्लिनच्या नोटेचा मोठा केलेला फोटो लावलेला होता. तिने पर्समधून वहीत ठेवलेली नोट काढली आणि ताडून पाहिली. तेच चित्र, त्याच सह्या. आणि नंबरही तोच. २१८७. तिने आकडा न आकडा बोटाने तपासला. दोन्हीकडे २१८७.

एका नंबरची नोट एकच असते, हे कोणालाही कळतं. म्हणजे दोघींतली एक खोटी. आपली खोटी असेल तर कार्स्टनच्या घराण्यात कोणीतरी स्वयंपाकघरात बसून नोटा पाडत होतं. कारण त्या बँकेचा कॅशियरच व्हर्डेल आत्याचा आजोबा होता. आणि ऑर्लिनची खोटी असेल तर पंप नाही, तलाव नाही, आणि स्वतःच्या खोट्या नोटेचा फोटो ऑर्लिन गेली वीस वर्षं शाळेच्या मुलांना दाखवत आलाय. दोन्ही शक्यता तिने मनात तोलून पाहिल्या. एकीतही झोप येण्यासारखं काही नव्हतं.

"छान आहे ना गं आमची नोट?" ग्रंथपाल बाई मागून म्हणाल्या.

"छान आहे," सिग्ने म्हणाली आणि वही छातीशी घट्ट धरून बाहेर पडली.

शुक्रवारी सकाळी तिने व्हर्डेल आत्याला फोन केला. नोट सापडली एवढंच सांगितलं. आत्या ऐंशीला टेकली होती, पण अर्ध्या तासात दारात हजर. एका हातात रूबार्बच्या आंबट देठांचा केक, दुसऱ्या हातात इस्त्री.

"हे कशाला, आत्या?"

"शनिवारी गावासमोर न्यायची ना ती? आपल्या टॉलेफसन घराण्याची नोट अशी चुरगळलेली न्यायची? आण इकडे. थोडी खळ लावून फिरवली की नवीकोरी होते. माझ्या चर्चच्या पडद्यांना बघ, अजून घडी मोडत नाही."

"तुम्हाला माहीत होती ही?"

"अगं, आई सांगायची ना, लेफसेच्या मागे आजोबांची आठवण आहे म्हणून. मी म्हटलं, कृतीच असेल. त्या कार्डावर पीठ किती घ्यायचं ते लिहिलेलंच नाही, म्हणून मी ते कधी काढलं नाही." आत्याने चष्मा लावून नोट उलटसुलट केली. "ही सही आजोबांचीच. सरकारकडून अख्खे ताव यायचे. आजोबा स्वयंपाकघरात बसून सह्या करायचे आणि आजीच्या शिवणाच्या कात्रीने कापायचे. नजर अधू. बघ वरची कड, नागासारखी गेलीय. हीपण सरळ करून टाकू. तुझी कात्री कुठंय?"

इस्त्रीची वायर टेबलावरून खाली लोंबत होती आणि टिल्डा तिच्याकडे रांगत निघाली होती.

"नाही," सिग्ने म्हणाली.

"काय नाही?"

"या घरात पोर जागं असताना इस्त्री तापत नाही. आणि कात्री वरच्या कपाटात आहे, ती मी काढणार नाही."

"मी तीन मुलं वाढवली, बाई. तिघंही इस्त्रीच्या घरात वाढली."

"आणि तुमच्या रॉजरच्या हातावर काय आहे?"

रॉजरच्या हातावर इस्त्रीच्या टोकाचा डाग होता. सगळ्या वॉलनट फोर्डने तो पाहिला होता. "ते वेगळं," ती म्हणाली आणि इस्त्री पिशवीत टाकली. "मग करायचं काय?"

सिग्नेने तिला सगळं सांगितलं. दुसरी नोट, नऊ हजार, आणि शेवटी तो नंबर. आजोबांबद्दल शंका येते हे सांगताना तिने नजर रूबार्बच्या केककडे ठेवली.

"माझे आजोबा?" आत्या म्हणाली. "त्यांना सरळ रेषेत कागद कापता येत नव्हता, ते नोटा कसल्या पाडतात? चल, ऑर्लिनकडे जाऊ. मला त्याची नोट कशी आहे ते बघायचंय."

ऑर्लिन अंगणात माशांचे गळ निवडत बसला होता. सिग्ने फाटकातूनच म्हणाली, "ते आधी झाकून ठेवा," आणि त्याने निमूटपणे डबा बंद केला. पंचाहत्तरीचा उंच, वाळका माणूस. पायात अजून टपालखात्याचे बूट. सिग्नेने बोलायची तयारी घोकून ठेवली होती. पण तिने वही उघडून नुसती त्याच्यापुढे धरली.

ऑर्लिनने नोट पाहिली. बराच वेळ पाहिली.

"उद्यापर्यंत थांबायचं होतं, पोरी," तो हळू म्हणाला.

"माझ्या नवऱ्याचंही तेच म्हणणं होतं."

"मग का नाही थांबलीस?"

"नाव तुमचं गेलं असतं. आणि आणखी एक आहे. नंबर बघा."

त्याने नंबर पाहिला. खिशातून भिंग काढून पुन्हा पाहिला. सिग्ने त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता हा पडेल, याला कुठे धरायचं, हे तिने ठरवूनही टाकलं होतं. पण ऑर्लिन हसायला लागला. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग बूट आपटत.

"तू काल रात्री झोपली नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"आपल्यापैकी एक खोटा म्हणून."

"आत्याचे आजोबा, नाहीतर तुम्ही."

"मी असतो तर निदान पन्नासची पाडली असती. अगं, ताव एक, नंबर एक. एका तावावर चार नोटा, तीन दहाच्या आणि एक वीसची. चौघींना नंबर तोच, फक्त दहांच्या अक्षरात फरक. हे बारीक बघ. तुझ्यावर बी आहे. माझ्यावर ए."

तो घरात गेला. परत आला तेव्हा पारदर्शक पाकिटातली आपली नोट त्याने हातांवर अशी आणली होती, जशी सिग्ने झोपलेल्या टिल्डाला न्यायची. त्याने ती टेबलावर ठेवली, खाली सिग्नेची ठेवली आणि बोटांच्या टोकांनी दोन्ही जवळ सरकवल्या.

वरच्या नोटेची खालची कड डावीकडे फुगली होती, मध्ये आत गेली होती. खालच्या नोटेची वरची कड तिथेच खचली होती, तिथेच वर आली होती. फट बुजली. आजोबांच्या अधू नजरेचा तो सगळा नागमोडी प्रवास एका रेषेत मिटला.

टिल्डा "बा" म्हणाली.

"पन्नास वर्षं मला वाटायचं, ही कड कोणीतरी वाईट कापलीय," ऑर्लिन म्हणाला. "लाज वाटायची. फोटोत थोडी छाटली मी."

"आत्या तर ही कड सरळ करणार होत्या," सिग्ने म्हणाली. "कात्रीने. आणि इस्त्रीसुद्धा."

ऑर्लिनने दोन्ही नोटांवर हात धरले. "इस्त्री? व्हर्डेल, धुतलेली, इस्त्री केलेली नोट म्हणजे निम्मी किंमत गेली. आणि कड कापली असतीस तर..."

"मला काय माहीत," आत्या म्हणाली. "आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की इस्त्री करतात." मग तिने नोटेच्या चुरगळलेल्या कोपऱ्याकडे बोट केलं. "आणि हे दात माझे नाहीत."

"वर्णनात लिहावं लागेल," ऑर्लिन म्हणाला. "उजव्या कोपऱ्याला दंतखूण."

पण पंपाचं काय, हे तिघांच्याही मनात होतं. ते सिग्नेनेच विचारलं.

"आता दोन झाल्या," ऑर्लिन म्हणाला. "उद्या मी त्याला सांगणार. माझीचे साडेसहा देईल, फार तर सात. धिरडी कितीही खपली तरी चार हजारांची नाही खपत." तो गळांच्या बंद डब्याकडे बघत राहिला. "पुढच्या वर्षी बघू."

सिग्नेच्या डोळ्यांपुढे खाण आली, तळ न दिसणारं पाणी, आणि आणखी एक उन्हाळा डोकी मोजणं. आपल्याकडच्या नोटेबद्दल बोलायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं. डबा तिचा असला तरी आठवण आत्याची होती. ती आत्याकडे बघतही नव्हती. पण आत्या तिच्याकडे बघत होती.

"नव्वद वर्षं कोरडी राहिली ती," व्हर्डेल आत्या म्हणाली. "आता उतरू दे पाण्यात. पण एक अट. दोघींची ताटातूट करायची नाही. घेणाऱ्याने दोन्ही घ्यायच्या, नाहीतर एकही नाही. आणि भाव मी करणार. ऑर्लिन, तुला भाव करता येत नाही. चाळीस वर्षं नाताळात तू लोकांना बक्षिशी परत करत होतास."

शनिवारी अग्निशमन केंद्रात लाल गाड्या बाहेर उभ्या करून आत टेबलं मांडली होती. धिरड्यांच्या तव्यापासून सिग्ने टिल्डाला चार हात लांब घेऊन उभी होती; अंतर तिने दोनदा मोजलं होतं. डी मॉइनचे व्यापारी प्रेंटिस नीटस गृहस्थ होते, पाकाचा डाग पडू नये म्हणून टाय शर्टाच्या आत खोचलेला. ऑर्लिनने त्यांना सगळं सरळ सांगितलं. गावाने खाणं थांबवून ऐकलं.

"वाईट वाटतं," प्रेंटिस म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "दोन झाल्या म्हणजे साडेसहाच्या वर मला परवडणार नाही. दुसरीचे, दातांसकट, साडेतीन."

"आधी जवळ ठेवून बघा," आत्या म्हणाली.

ऑर्लिनने नोटा जवळ सरकवल्या. प्रेंटिसनी काटा खाली ठेवला. भिंग काढलं. कडेवरून डावीकडून उजवीकडे गेले, मग उजवीकडून डावीकडे. नोटा दूर केल्या, पुन्हा जवळ आणल्या. तिसऱ्यांदा जवळ आणताना त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, आणि तो कोपरा आत्याने टिपला.

"बारा हजार," आत्या म्हणाली.

"बाई, दहा."

"कॉफी घेणार? तुम्हाला गाडी चालवत जायचंय लांब. रिकाम्या हाताने रस्ता आणखी लांब वाटतो."

"साडेदहा."

"कार्स्टन, यांना कॉफी दे. ऑर्लिन, गुंडाळ."

ऑर्लिनचे हात हलेनात. सिग्नेने टिल्डाला इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली. प्रेंटिसनी टाय बाहेर काढला, पुन्हा आत खोचला.

"अकरा," ते म्हणाले. "आणि त्या आजोबांची गोष्ट मला लिहून द्यायची. कात्री, स्वयंपाकघर, सगळं."

"इस्त्री सोडून," आत्या म्हणाली आणि हात पुढे केला.

त्यानंतर त्या केंद्रात जो गोंगाट झाला, त्यात कोणीतरी चुकून आगीचा भोंगा वाजवला, आणि शेजारच्या गावाहून बंब निघाला. त्या लोकांनाही धिरडी खाऊ घालावी लागली.

न्याहारीच्या पैशांतून उथळ भागाला नवी दोरी आली आणि पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या शिटीवाल्या दोन मुलींचा उन्हाळ्याचा पगार निघाला. जूनच्या पहिल्या सोमवारी पंप सुरू झाला. ऑर्लिन सकाळपासून पंपाच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून घरघर ऐकत बसला होता. नोट गेली म्हणून तो खचेल असं सिग्नेला वाटलं होतं. तिने त्याच्याकडे दोनदा सूपही पोचवलं होतं. पण त्याला वेळ कुठे होता? सी अक्षराची तिसरी दहाची आणि ती वीसची नोट गावातच कुठेतरी असणार, असं त्याने जाहीर केलं होतं. तेव्हापासून वॉलनट फोर्डमधली एकूण एक पाककृतींची पुस्तकं झटकून झाली होती. आतापर्यंत एक कवळी, साबणाची सोळा कुपनं आणि पाद्रीबाबांच्या आईला तिसऱ्याच कोणीतरी लिहिलेलं पत्र सापडलं होतं. सापडलेली वस्तू ऑर्लिन जुन्या सवयीने घरपोच नेऊन देत होता.

"तुमच्याकडे काही निघालं का?" त्याने आत्याला विचारलं.

"लेफसेला पीठ किती घ्यायचं ते निघालं," आत्या पाण्यात पाय सोडून म्हणाली. "तुझा विश्वास बसणार नाही. मफिनच्या कार्डामागे लिहिलं होतं."

सिग्ने गुडघाभर पाण्यात टिल्डाला धरून बसली होती. पाणी निळं होतं आणि तळाची प्रत्येक फरशी दिसत होती. टिल्डाने पाण्यावर तरंगणारं एक पान पकडलं आणि तोंडात घातलं. सिग्नेने ते काढलं, जिभेखाली बोट फिरवून पाहिलं, आणि मग मान वर करून सवयीने डोकी मोजली. सतरा. पुन्हा मोजली. सतरा.

उंच खुर्चीवरच्या मुलीने शिटी वाजवून सगळ्यांना कडेला बोलावलं आणि बोटाने मोजायला सुरुवात केली.

"सतरा," ती ओरडली.

सिग्नेने पाय लांब केले आणि पाठ तलावाच्या कडेला टेकली.